पंप नव्हे, पडदा

मंडळी, मला महादेवचा हेवा वाटतोय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून थेट सायबर कॅफेत येऊन लिहितेय.

महादेव जतचा. सैन्यात गाड्या दुरुस्त करून परतला आणि सांगलीत माझ्या गॅरेजसमोरच दुकान थाटलं. माझा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, त्याची दहावीही नाही.

कुंडलच्या एका सुभेदारांची परदेशी मोटरसायकल तीन दिवस माझ्याकडे होती. तिला कार्बोरेटर नाही. पंप दाबाने पेट्रोल पाठवतो आणि ते इंजिनात फवारलं जातं. धूर काळा येत होता. मी गेज लावला, दाब कमी निघाला. पंप गेला, असं लिहूनही दिलं.

आज सुभेदार महादेवला घेऊनच आले. त्याने दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची हवेची नळी काढली आणि हुंगली.

"आवं बाई, हितं नुसती हवा पायजे. ही तर पेट्रोलनं वली हाय. आतला पडदा फाटलाय. पेट्रोल ह्या नळीतनं इंजिनात गळतंय, म्हनून दाब कमी आन् धूर काळा."

"आन् पंप रं?" सुभेदारांनी विचारलं.

"पंप लय झ्याक हाय."

ती नळी मी एकदाही काढली नव्हती. तो हसला असता, तर निदान भांडता आलं असतं.

"मॅडम, गाडी आता ह्याच्याकडंच ऱ्हाऊ द्या," सुभेदार म्हणाले.

तुम्ही काय केलं असतं?

मी महादेवच्या हवाली केलं ते असं: मोटरसायकल, दोन किल्ल्या, इंग्रजी माहितीपुस्तक. आणि माझ्या मोजमापांचा कागद, जो त्याने स्वतःहून मागून घेतला.