कादरची कुस्ती आणि बाबांचा शब्द

परवा शेलूबाजारला मी पहिल्यांदाच आखाड्याच्या कडेला उभी राहिले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे बाबा पैलवान. इनामाच्या कुस्त्यांवर त्यांनी आमचं घर चालवलं. अमरावती, नागपूर, पार बऱ्हाणपूरपर्यंत लढले. एका कुस्तीत खांदा निखळला, आणि ते कारंज्याला परतून वस्ताद झाले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं इतकं जड झालं की ते फक्त मलाच कळतं... लहानपणी अक्षरं मी त्यांच्याच ओठांकडे बघून शिकले, म्हणून असेल.

महायुद्धाच्या महागाईत बंद पडलेली शेलूबाजारची कुस्त्यांची दंगल यंदा पुन्हा भरली. बाबांचा शेवटचा पठ्ठा कादर, आमच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याचा मुलगा, तिथे उतरणार होता. त्याला कडेवरून डाव सांगायला बाबांना माझा आवाज हवा होता.

दमणीत, आमच्या छोट्या बैलगाडीत, चढताना मी आईला म्हटलं, "माझ्याकडून एखादा शब्द चुकला तर?"

"चुकली तर तुह्या बापाले समजत नाही का? जाय आता."

आखाड्याच्या कडेला आम्हाला पाहताच हशा पिकला. "काहो वस्ताद, कादर पुरत नाही म्हणून पोरगी आणली का?"

कुस्ती लागली तेव्हा कादर भारी पडत होता. मग समोरच्याने त्याचा हात धरून खांदा मागे पिळला... बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "कुस्ती सोड म्हण त्याले."

मला स्पष्ट कळलं होतं, तरी मनात आलं: लोक म्हणतील, पोरगीच भ्याली. बाबांची वस्तादकी माझ्या तोंडून हरून संपणार... पण शब्द त्यांचा होता, माझा नव्हता.

"कादरभाऊ, सोड! वस्ताद म्हणून राह्यले, सोड!"

त्याने एकदाच आमच्याकडे पाहिलं आणि आपली पाठ मातीला लावली.

"वस्तादाच्या पठ्ठ्याले पोरीनंच पाडलं!" मागून कोणीतरी ओरडलं.

कादर खाली मान घालून बाबांसमोर बसला. बाबांनी डाव्या हाताने त्याचा खांदा चाचपला, हात वर-खाली करून पाहिला. मग म्हणाले, "माहा खांदा असाच पिळला होता, तवा माह्या वस्तादानं मले 'लढ' म्हटलं होतं."

मी ते कादरला जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी हे घरात कधीच बोलून दाखवलं नव्हतं... सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा कळलं.

हरलो, हे खरंच. पण परतताना बाबा दमणीत गाढ झोपले होते, आणि बैल कादर हाकत होता... दोन्ही हातांनी.