शीर्षक तेच राहील

“आत येऊ नकोस हं. आज मडी आहे,” काकू म्हणाल्या.

मडी म्हणजे सोवळं. मळमड्डी वस्तीतल्या सरांच्या घराच्या व्हरांड्यात मी उभी, हातात माझ्या पीएचडीचं दुसरं प्रकरण. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, खिडकी उघडली. गजांतून मी कागद आत सरकवले. सरांनी आत टेबलाशी बसून ते तपासले. परत आले तेही गजांतूनच.

तीन वर्षं. दर रविवारी. आणि दर रविवारी आज मडी.

गाईडनं घरी बोलावलं की आमच्याकडे तो मान समजतात. मीही समजले. जुन्या हुबळीतून दोन बस बदलून जायचे. चपला फाटकाबाहेरच काढायचे. तसं कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच. त्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

माझा विषय अमेरिकेतला. काळ्या लोकांना गोऱ्यांच्या कॉलेजांत घेत नव्हते, म्हणून त्यांची वेगळी कॉलेजं निघाली. त्यातली शेजारशेजारची काही पुढं एकत्र आली. संघ केला. ग्रंथालय सगळ्यांचं एक, एका कॉलेजातला विद्यार्थी दुसऱ्याच्या वर्गात बसायला मोकळा. त्या संघाचा इतिहास मी लिहितेय. त्यांना कुठल्या कुठल्या दारातून आत घेत नसत, ते तळटिपांसकट लिहीत होते. आणि लिहिलेलं गजांतून देत होते. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

मग जूनमध्ये सरांकडे नवा विद्यार्थी आला. सरांच्याच जातीतला. पहिल्याच रविवारी काकूंनी त्याला थेट आत नेलं, चहा दिला. त्या दिवशी मडी कुठं गेली कोण जाणे. खिडकी उघडीच होती. सर त्याला माझं प्रकरण दाखवत होते.

“विषय चांगला आहे रे. पण ह्या लोकांना झेपत नाही.”

ह्या लोकांना.

मग सरांनी मला खिडकीशी बोलावलं. “शीर्षक बदल. संघबिंघ नको. ‘काळ्यांच्या शिक्षणात गोऱ्या दात्यांचे योगदान’ असं घे. कुणीतरी दिलं म्हणून शिकले ते. जरा कृतज्ञता शिक.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाईडच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही, हे मला ठाऊक होतं.

“दात्यांनी दिलं असेल सर. पण एकत्र आले ते स्वतः. शीर्षक तेच राहील. आणि पुढचं प्रकरण मी डिपार्टमेंटमध्ये दाखवीन. इथं नाही.”

“मग माझी सही विसर.”

“बरं,” मी म्हणाले आणि निघाले.

माझ्याआधी सरांकडे अळणावरकडचा एक मुलगा होता. पीएचडी अर्धी सोडून आता इथल्याच बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लागलाय. त्याला जाऊन गाठलं.

“मीबी तितंच व्हरांड्यात बसत होतो की, अक्का. मला वाटलं, मला एकट्यालाच.”

मी लिहून नेलेल्या अर्जावर माझ्या सहीखाली त्यानं सही केली. अर्ज साधा होता: संशोधनाचं काम डिपार्टमेंटमध्येच तपासावं, कुणाला घरी बोलावू नये. विभागप्रमुखांनी तो उभ्या उभ्या वाचला. “पुरावा काय? वहिनी तर किती प्रेमळ आहेत!” म्हणाले आणि अर्ज माझ्या हातात परत दिला.

गेल्या आठवड्यात सरांनी गाईडशिप सोडल्याचं पत्र आलं. दुसरं कुणी मला घ्यायला तयार नाही. आई म्हणते, “शीर्षक बदल की गं. एका ओळीनं काय होतंय?”

एका ओळीनंच होतं, आई. त्या ओळीत ती माणसं स्वतःच्या पायावर उभी आहेत. ती बदलली की ती माणसं कुणाच्या तरी दारात हात पसरून उभी दिसतात. मी त्यांना तिथं उभं करणार नाही.

प्रबंध रखडेल. कदाचित बुडेलही. सहीसाठी मी कुणाच्या घरी जाणार नाही. त्या व्हरांड्यात बसून गेलेली आणखी एक बाई नवलगुंदला असते म्हणे. उद्या तिच्याकडे निघालेय. दोन सह्यांचा अर्ज विभागप्रमुखांनी परत केला. तिसरी घेऊन जाईन. तोही परत केला, तर चौथी.