संत्र्याचा शेंडा

“घाबरू नका, जरासंच घेतो.”

चाळीस वर्षं तो हे वाक्य म्हणत आला. खुर्चीत गिऱ्हाईक बसलं, गळ्याभोवती पांढरं कापड आलं, मानेमागे गाठ बसली, की कात्री हवेत दोनदा वाजवायची आणि हे म्हणायचं. लग्नाला निघालेल्या नवरदेवाला म्हणायचं, तापातून उठलेल्या म्हाताऱ्यालाही म्हणायचं. सगळं डोकं भादरायचं असलं तरी जरासंच. त्यामुळे त्याचं खरं नाव रस्त्यावरच्या कुणाला ठाऊकच राहिलं नाही. लहानथोर त्याला जरासंदादा म्हणत. घरी ताटावर बसला तरी बहिणीला तेच, “जरासंच वाढ गं.” आयुष्याकडे किती मागायचं याचं त्यानं एक माप ठरवलं होतं, आणि ते दोन बोटांच्या चिमटीत मावत होतं.

मोठी मागणी त्यानं एकदाच केली. तीही एका संत्र्याची.

बहीण त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी. ती लाँड्रीत इस्त्रीला होती. दोघांचीही लग्नं राहून गेली. का राहिली, ते विचारणारे मामा-आत्या एकेक करून निघून गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, हातभर बाल्कनी, आणि बाल्कनीच्या दाराशी आईची खाट. कमरेचं हाड मोडल्यापासून आई त्या खाटेवरच. भाऊ दिवसभर खुर्चीमागे उभा, बहीण दिवसभर टेबलापुढे उभी. संध्याकाळी दोघं परत येत तेव्हा पोटऱ्यांवरच्या नसा सुतळीसारख्या टरारलेल्या असत. मग एकाच घमेल्यात कोमट पाणी घेऊन दोघं समोरासमोर पाय बुडवून बसत. चार पाय आणि एक घमेलं. बोलायचंही त्राण नसे.

आई खाटेवरून म्हणे, “उभं राहण्याचा एवढा कंटाळा आला असेल, तर या, माझी जागा घ्या.”

ते संत्रं आईच्याच वाट्याचं होतं. हॉस्पिटलातून घरी आणलं त्या आठवड्यात तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. बहिणीनं एक संत्रं सोललं, भाऊ एकेक फोड तिच्या तोंडात देऊ लागला, आणि आई बिया त्याच्या तळहातावर टाकत गेली. अख्खं संत्रं संपलं. तळहातावर सात बिया राहिल्या. कचऱ्याचा डबा स्वयंपाकघरात होता आणि उठायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्यानं बसल्या जागेवरून हात लांबवला आणि बाल्कनीत पुदिना वाळून गेलेली कुंडी होती, तिच्यात बोटानं त्या बिया खुपसल्या.

“असलं गोड संत्रं मी जन्मात खाल्लं नाही,” आई म्हणाली. “याचं झाड आलं तर पहिलं फळ माझं.”

“पहिलं कशाला, सगळीच तुझी,” तो म्हणाला.

तेव्हा त्याच्या तोंडून जरासं हा शब्द आला नाही, हे बहिणीच्या चांगलं लक्षात राहिलं.

सातांतल्या दोन बिया उगवल्या. एक रोप बोटभर होऊन कोमेजलं, दुसरं राहिलं. ते कुंडीतून पत्र्याच्या डब्यात गेलं, डब्यातून रंगाच्या मोठ्या बादलीत. सलूनमधली जुनी फवाऱ्याची बाटली भावानं त्याच्यासाठी घरी आणली. फडकं ओलं करून तो पान न् पान पुसायचा. आणि सोमवारी, दुकान बंद असलं की, झाडाची पाळी.

बहिणीला तो सोहळा तोंडपाठ होता. बादलीभोवती जुनं पांढरं कापड गुंडाळायचं. एक पाऊल मागे जाऊन डोळे बारीक करायचे. कात्री हवेत दोनदा वाजवायची. “घाबरू नकोस, जरासंच घेतो.” मग वर आलेली कोवळी टोकं नखाएवढी, पेराएवढी उडवायची. कानांवरून घ्यावं तसं दोन्ही बाजूंनी, मग मागून, आणि शेवटी वरून. झाड कसं गोल गरगरीत दिसे. समोरच्या गॅलरीतली बाई ओरडून म्हणायची, “अहो, तुमच्या झाडाला भांग तेवढा पाडा!”

कापडावर पडलेले शेंडे बहीण गोळा करायची. चुरगाळले की त्यांना सुंदर वास यायचा. ती मूठभर शेंडे लाँड्रीत नेऊन टेबलाच्या कडेला ठेवी. इस्त्रीची वाफ लागली की दुपारपर्यंत तो वास पुरायचा. दुसऱ्यांच्या चादरी, दुसऱ्यांचे अभ्रे, आणि त्यात तेवढीच एक आपली म्हणावी अशी गोष्ट.

पाचव्या-सहाव्या वर्षी मधोमध एक जाड फोक सरळ वर निघाला होता. अंगावर काटे, पानं तळहाताएवढी. ती म्हणाली, “दादा, तो राहू दे की. चांगला सरळ चाललाय.”

“अगं, डोकं विस्कटल्यासारखं दिसतंय,” तो म्हणाला, आणि कात्री वाजली.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या दीडशे चादरी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. वाद घालायला अंगात काही शिल्लकच नव्हतं. तिनं फोक उचलला, काटा बोटात गेला, बोट चोखत ती आत गेली.

वर्षाकाठी संत्र्यांचा हंगाम यायचा. रस्त्यावर फळांच्या गाड्या लागल्या की त्यांचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा, आणि आई न चुकता विचारायची, “लागलं का रे काही?”

“पुढच्या वर्षी, आई.”

विकतचं संत्रं समोर धरलं तर ती तोंड फिरवी. “ते तुम्ही खा. माझं येतंय.”

असं नऊ वर्षं चाललं. फूलसुद्धा आलं नाही.

दहाव्या वर्षी सलूनमध्ये एक म्हातारा दाढीला आला. सगळं आयुष्य फळझाडांच्या रोपवाटिकेत काढलेला, नखांत अजून माती. गालाला साबण लावता लावता भावानं त्याला सहज विचारलं. त्या रात्री जेवायला बसला तो घास चिवडत राहिला. बहिणीनं खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, अगदी म्हाताऱ्याच्या आवाजात.

“‘कलमाचं आहे की बियांचं?’ म्हणाला. म्हटलं, बियांचं. ‘मग त्याला आधी वयात यावं लागतं. बुडापासून वर पेरामागून पेर चढवत ते उंच जातं. पुरेशी पेरं झाली की मग वरच्या टोकाला फूल. तू छाटतोबिटतोस की काय?’ म्हटलं, दर सोमवारी, जरासंच. तर गालावरचा साबण उडेपर्यंत हसला गं. म्हणाला, ‘अरे भल्या माणसा, वयात यायला निघालेल्या पोराला दर आठवड्याला पुन्हा पाळण्यात घालतोस, आणि वर विचारतोस याला मिशी का फुटत नाही!’”

बहिणीला हसू फुटलं. पण भावाचा चेहरा पाहून ते तिथंच विरलं.

“नऊ वर्षं,” तो म्हणाला. “रोज पाणी घातलं. आणि माझ्याच हातानं…”

तिला आपली बोटं आठवली, शेंडे गोळा करणारी. चूक करणारा एकटा तो नव्हता. तिनं नुसतं पाण्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

खाटेवरून आवाज आला, “काय कुजबुज चाललीय? लागलं का काही?”

पुढच्या वर्षी, हे दोन शब्द त्याच्या ओठांवर आलेले बहिणीनं पाहिले. पण तो उठला, खाटेशी जाऊन उभा राहिला.

“नाही आई. मीच लागू दिलं नाही. दर सोमवारी छाटत होतो ना, त्यानं.”

आई म्हणाली, “तुझ्या बापाच्या मिशीचं तू हेच केलंस. डावीकडं जरासं, मग उजवीकडं जरासं. जेवणाच्या वेळेपर्यंत मिशी गायब! सहा महिने तोंडावर रुमाल धरून हिंडत होते बिचारे. हे झाड तरी अजून उभं आहे.” आणि तिनं विचारलं, “आता किती दिवस लागतील?”

“तीन-चार वर्षं तरी.”

“मग थांबते की. मला कुठं जायचंय?”

आईला पंच्याऐंशी पूर्ण झाली होती.

त्या सोमवारपासून कात्री घरात आली नाही. भावाला सुट्टीच्या दिवशी काय करावं ते कळेना. तो झाडासमोर स्टूल टाकून हात मांडीखाली दाबून बसे. झाड मात्र सुटलं. वर्षभरात ते कठड्याच्या वर गेलं, दुसऱ्या वर्षी वरच्या बाल्कनीच्या तळाला टेकलं आणि तिथं मान वाकवून उजेडाकडे वळू लागलं. वाळत घातलेले कपडे काट्यांत अडकून फाटत. वाकडंतिकडं, झिपरं, कुणीही नावं ठेवावीत असं ते झाड झालं. आईला ते फार आवडलं. दिवसभर त्याच्या पानांतून पडणारे कवडसे ती पांघरुणावर मोजत बसायची.

फुलं मात्र नव्हती. रोपवाटिकेतला म्हातारा पुन्हा दाढीला आला तेव्हा म्हणाला, “बाल्कनीत ऊन किती येतं? तासभर? मग ते तिथं नुसतं उंच होत राहील. उघड्यावर ने, जमिनीत लाव. आणि एक सांगून ठेवतो, बियांचं आहे. गोड निघेल की आंबट, मी काही बोलणार नाही.”

सलूनच्या मागं मोकळी जागा होती, दोन खाटा मावतील एवढी. दिवसभर ऊन. बेसिनचं पाणी तिथंच जायचं, कापलेले केस तिथंच पडायचे. पण ते सलून चार रस्ते पलीकडं होतं. झाड गेलं की आईच्या दारात उरणार नुसता कठडा आणि समोरची भिंत.

आठ दिवस भाऊ ते बोलायचं टाळत होता. शेवटी घमेल्यात पाय बुडवून बसलेला असताना त्यानं मान खाली घालूनच सांगितलं. आई नको म्हणेल आणि आपण सुटू, असं त्याला आतून वाटत असावं. तिसऱ्या मजल्यावरून ते खाली कोण उतरवणार, खड्डा कोण खणणार? त्या थकलेल्या पायांकडे पाहून बहिणीलाही तेच वाटत होतं, आणि वाटल्याची लाजही वाटत होती.

“ने,” आई म्हणाली. “मला बघायला झाड नकोय. मला संत्रं हवंय.”

“आंबट निघालं तर?”

“तर आंबट खाईन. आणि माझी ती चाकांची खुर्ची घेऊन जा. तिला तरी कुठं फिरायला मिळतंय?”

सोमवारी सकाळी दोघांनी बादली ओढत लिफ्टपर्यंत आणली. खालून रखवालदार वर आला. झाड आत जाईना. सरळ धरलं तर शेंडा छताला अडे, तिरकं केलं तर दोन्ही बाजूंनी काटे दारात रुतत. लिफ्ट चिडल्यासारखी घंटा वाजवू लागली.

रखवालदारानं मान तिरकी करून अंदाज घेतला. “वरचं जरासंच घ्या ना, दादा. वीतभर. आरामात मावेल. तुम्हाला काय अवघड आहे?”

तो बोलला त्यात काही वाईट नव्हतं. बहिणीनं भावाकडे पाहिलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप जवळ आली होती, अंगठा हलला होता. चाळीस वर्षांची सवय. तीन जिने, त्याच्या सुजलेल्या पोटऱ्या, आणि वीतभर शेंडा. तो म्हणाला असता तर ती लगेच घरात जाऊन स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आली असती. इतकी ती दमली होती.

त्यानं ती बोटं मुठीत मिटली.

“जिन्यानं नेऊ,” तो म्हणाला. “तू खालून धर, पोरी.”

साठी उलटलेल्या बहिणीला तो अजून पोरी म्हणत होता.

मग ते एकेक पायरी उतरले. तो वर, कडी धरून. ती खाली, बादलीचं बूड पोटाशी घेऊन. शेंडा तेवढा भिंतीला लागू नये म्हणून रखवालदार तो हातात धरून चालला, गिऱ्हाइकाची मान धरावी तसा हलकेच. प्रत्येक वळणावर भाऊ बादली टेकवी आणि कठड्याला कपाळ लावून उभा राही. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या हातावर काट्याचा लांब ओरखडा उमटला. पहिल्या मजल्यावर बहीण पायरीवर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. कुणी कुणाला घाई केली नाही.

खाली चाकांची खुर्ची होती. बादली तिच्यात बसवली, सलूनचं पांढरं कापड भोवतीनं गुंडाळून मागं गाठ मारली.

“मीही येते,” ती म्हणाली.

“नको. आईपाशी जा. तिला एकटीला नाही दिसणार. खाट जरा पुढं ओढ.”

ती लिफ्टनं वर आली. खाट दाराबाहेर अर्धी ओढली, आईच्या पाठीशी दोन उश्या दिल्या, आणि स्वतः कठड्याला टेकून उभी राहिली. बाल्कनी एकदम मोठी दिसत होती. जमिनीवर बादलीचा ओला गोल राहिला होता.

खाली रखवालदार फाटकाशी उभा होता. भाऊ रस्त्यानं चालला होता, खुर्ची ढकलत, खड्डा आला की थांबत, पुन्हा निघत. त्याचं डोकं पानांत दिसेनासं झालं होतं. येणारे-जाणारे बाजूला होऊन वाट देत होते.

“दिसतोय का?” आईनं विचारलं.

“दिसतोय. कोपऱ्यावर पोचला.”

“शेंडा आहे ना सगळा?”

“सगळा आहे, आई.”

कोपऱ्यावर तो वळला. आधी खुर्ची गेली, मग तो गेला, आणि कुंपणाच्या भिंतीवरून नुसता शेंडा पुढं सरकत राहिला. आई पापणी न हलवता तिकडं बघत होती, आणि बहीण आईकडं.