झाल्नीत्साची भट्टी

हालिना इंग्लंडात वॉटफर्डला आली ती पन्नाशी उलटल्यावर. त्या वयात कुणी नवा संसार मांडत नाही, पण झाल्नीत्सात तिच्यासाठी काही उरलं नव्हतं.

पोलंडच्या दक्षिणेकडचं हे लहानसं गाव काचेच्या कारखान्याभोवती वसलेलं. आधी तो कुणा जर्मन मालकाचा, युद्धानंतर सरकारचा. वाइनचे पेले, फुलदाण्या, झुंबरांचे लोलक असं सगळं तिथे व्हायचं. शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, लग्नाचा हॉलसुद्धा त्याचाच. हालिना फिरत्या चाकावर पेल्यांना नक्षी पाडायची. नवरा स्ताशेक भट्टीवर होता. भट्टी कधी विझू द्यायची नसते, म्हणून नाताळलाही कुणीतरी तिच्यापाशी लागायचं, आणि बहुतेक वेळा तो स्ताशेकच असायचा.

मग सरकार बदललं, कारखाना विकला गेला. नव्या मालकाने काही वर्षं रेटून पाहिलं आणि एका हिवाळ्यात भट्टी थंड केली. आधी तरुण पांगले, मागोमाग पोस्ट बंद झालं, मग शाळा. मुलगी एव्हा एडिनबराला हॉटेलात लागली. दोन हजार पाच साली हालिनाही निघाली.

“तू पुढे हो,” स्ताशेक म्हणाला. “इथे काही सुरू झालं की तुला बोलावतो.”

वॉटफर्डला तिला मधुमतीबाईंकडे काम मिळालं. बाई मूळच्या मिरजेच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या, आता गुडघ्यांनी जागच्या जागी बसवलेल्या. मुलगा अपूर्व मिल्टन कीन्सला. वीकेंडला चक्कर मारायचा. हालिना बाईंना आंघोळ घालायची, भाजी निवडून द्यायची. दोघींचं इंग्रजी आपापल्या वळणाचं, तरी गप्पांना खंड नसे.

रविवारी दुपारी स्ताशेकचा फोन यायचा. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात एकदा तो म्हणाला, “काम लागलं.”

हालिना गवार मोडत होती. हातातली शेंग तशीच धरून ती उठली. “कुठे?”

“कारखान्यात.”

“सुरू झाला?”

“पाडतायत. भट्टी आतून कशी बांधलीय ते ठाऊक असलेला माणूस हवा होता त्यांना.”

“तोंडाला फडकं बांध,” एवढंच ती म्हणाली. “धूळ फार असेल.”

फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं, “काय गं, बरं आहे ना सगळं?”

“त्याला काम मिळालं,” हालिना म्हणाली आणि पुन्हा गवार मोडायला बसली.

त्या नाताळला ती घरी गेली. स्टेशनात उतरलं की धुराडं दिसायचं; तिथे आता नुसतं आभाळ होतं. त्यांच्या बिल्डिंगमध्ये मोजक्याच खिडक्यांत उजेड होता. गॅलरीत स्ताशेकने भट्टीच्या विटा आणून नीट रचून ठेवल्या होत्या.

“कशाला या?”

“टाकूनच देणार होते.”

पाडकाम संपल्यापासून तो पुन्हा घरीच होता. जेवताना हालिनाने विषय काढला. “माझ्याबरोबर चल. तिथे गाड्या धुवायला माणसं लागतात. भाषा आली नाही तरी चालतं.”

“नको. इथे निदान पाववाली तरी मला नावाने हाक मारते.”

“ती दुकान बंद करतेय, स्ताशेक. मला सांगितलं तिने.”

“मार्चपर्यंत आहे ती,” तो म्हणाला आणि सूप भुरकत राहिला.

भांडण झालं नाही. झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. निघताना तो स्टेशनपर्यंत बॅग उचलून आला आणि गाडी हलायच्या आत वळून चालू लागला.

“कसं आहे गाव?” बाईंनी विचारलं.

“आहे,” हालिना म्हणाली.

पुढे रविवारचे फोन तोकडे होत गेले. उन्हाळ्यापासून त्याचे फोन बंदच झाले, तिने लावला तरी तो उचलेनासा झाला. गावातली शेजारीण फोनवर म्हणाली, तब्येत ठीक आहे त्याची, सकाळी कारखान्याच्या जागी उरलेल्या मोकळ्या मैदानापर्यंत जातो आणि परत येतो, बोलत मात्र नाही कुणाशी. हालिना तरीही फोन लावायची.

शरद ऋतूत बाई बाथरूममध्ये पडल्या. अपूर्वने त्यांना केअर होममध्ये ठेवायचं ठरवलं. हालिनाला समोर बसवून तो म्हणाला, “तुम्ही आईचं खूप केलंत. आता तुम्हालाही घरी जाता येईल, नाही का?”

“हो,” हालिना म्हणाली.

त्याच आठवड्यात ती वॉटफर्डमधल्याच एका हॉटेलात खोल्या साफ करायला लागली.