चालकाच्या रकान्यात वहिनी

आधीच सांगून टाकते, मला गाडी चालवता येत नाही. पत्रकं लिहिता येतात. रेशनवर, एसटीच्या बंद केलेल्या फेऱ्यांवर, बायकांच्या हक्कांवर मी इतकी पत्रकं लिहिली आहेत की रत्नागिरीतला झेरॉक्सवाला मला तोंडावर सांगतो, "ताई, उद्गारचिन्हं जरा कमी टाका, शाई संपते." वहिनीबद्दल लिहिताना हात आखडता घेणार नाही. पण या प्रकरणात माझी स्वतःची बाजू लाज वाटावी अशी आहे, तीही लिहिणार.

माझा भाऊ बोटीवर असतो. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमचं गाव आरे-वारेच्या पुढे, आणि शाळा रत्नागिरीच्या वाटेवर. एसटी येते ती शाळा भरून गेल्यावर. म्हणून वहिनी भावाच्या जुन्या छोट्या गाडीने जायची. दुसऱ्या खेपेचा आठवा महिना सरत आला तरी जात होती. रजा तिला सगळीच्या सगळी बाळ झाल्यावर हवी होती. "आत्ता घरी बसून काय करू? ते बाहेर आलं की बसायचंच आहे," असं तिचं म्हणणं.

ती आंधळेपणाने काही करत नव्हती. डॉक्टरबाईंना विचारून, सीट मागे सरकवून, पट्ट्याचा खालचा भाग पोटाच्या खाली आणि वरचा पोटाच्या बाजूने घेऊन ती बसायची. अर्ध्या वाटेत सुरूच्या बनाजवळ थांबून, उतरून थोडं चालायची, पाणी प्यायची आणि मग पुढे. इतक्या शिस्तीत गाडी चालवणारा पुरुष मी आमच्या तालुक्यात अजून पाहिलेला नाही.

गावाला मात्र ते बघवत नव्हतं. पाणंदीतून जाताना शेजारची काकी ओरडायची, "गो बाय, पोटातल्याचं पण लायसन काढलंस काय?"

"त्याला आधी चालायला तर येऊ दे काकी," वहिनी काच खाली करून सांगायची आणि गिअर टाकायची.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती तपासणीला रत्नागिरीत निघाली होती. मी शेजारच्या सीटवर, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. खाली समुद्र दिसतो त्या वळणावर एका पर्यटकाने फोटोसाठी गाडी उभी केली होती. आम्ही जवळ आलो आणि त्याने मागे न बघता गाडी थेट मागे घेतली. वहिनीने डावीकडे काढली. आमची गाडी हळूच, पण नीट ऐकू येईल अशी रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्याला, त्या बुटक्या दगडी भिंतीला, घासत गेली. दिवा फुटला, बंपर लोंबायला लागला. त्या माणसाच्या गाडीला ओरखडासुद्धा नाही.

वहिनी उतरली, पोटावर हात ठेवून गडग्यावर बसली. मग पाणी मागितलं. तो माणूस गॉगल डोक्यावर सरकवत आला आणि म्हणाला, "मॅडम, या अवस्थेत गाडी कशाला चालवता?"

"तुम्ही तर मोकळे आहात ना," वहिनी म्हणाली, "मग मागे बघून का नाही चालवत?"

त्याच्या बायकोला हसू आलं. तो गाडीत बसून निघून गेला. मी त्याच्या मागे काय काय ओरडले ते छापण्यासारखं नाही.

आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी वहिनीला बराच वेळ झोपवून ठेवलं, बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा ऐकले आणि सगळं ठीक आहे म्हणाल्या. मी बाहेर बाकावर पत्रकांचा गठ्ठा घेऊन बसले होते, आणि पहिल्यांदाच एकही पत्रक कुणाच्या हातात दिलं नाही.

घरी आईने गाडीची किल्ली कनवटीला लावली. "बाळंत होईपर्यंत मागायची नाय."

"आई, चूक त्याची होती."

"चूक कुणाची का असेना, पोट तुझं होतं."

दुसऱ्या दिवशी विमा एजंट काका आले. आमच्या गावातल्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडे. चहा घेता घेता त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला, कारण माझं अक्षर चांगलं. "चालकाच्या रकान्यात भावाचं नाव घाल. पोटुशी बाई चालवत होती असं कळलं की कंपनी हात वर करते."

आणि मी घातलं. खाडाखोड न करता, वळणदार अक्षरात.

आमच्याकडे ही रीतच आहे. अर्धे पुरुष बोटीवर नाहीतर मुंबईत, पण कागदावर सगळे घरीच असतात. विजेचं बिल, गॅसचं पुस्तक, शाळेतल्या पालकाची सही, ग्रामसभेची हजेरी, सगळीकडे ते असतात, आणि त्यांच्या नावापुढे बायका सह्या ठोकतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटायला हवं होतं. बायकांचं नाव कागदावर यावं म्हणून घसा फोडणारी मी, आणि हातात पेन आलं तेव्हा समुद्रात असलेल्या माणसाला स्टिअरिंगवर बसवून मोकळी झाले.

वहिनीने फॉर्म वाचला. कपाटातून पॉलिसीचं पुस्तक काढलं, ते बारीक इंग्रजीतलं, जे कुणीच उघडत नाही. पाय उशीवर ठेवून, हातात वह्या तपासायची लाल पेन्सिल घेऊन ती संध्याकाळभर वाचत बसली. सोमवारी काका परत आले तेव्हा पुस्तकाला खुणा केलेल्या होत्या.

"काका, चालकाकडे चालू लायसन पाहिजे, असं लिहिलंय. प्यायलेला नसावा, असं लिहिलंय. गरोदर नसावी असं कुठल्या पानावर आहे?"

"लिहिलेलं नसतं गो. पण ते बघतात."

"आणि हे बघा. खोटी माहिती दिली तर दावा फेटाळणार. हे मात्र लिहिलेलं आहे. ह्यांच्या बोटीवरच्या पुस्तकात चढल्याचा शिक्का आहे. माणूस जहाजावर, आणि गडग्याला गाडी घासतो आरे-वारेला?"

काकांनी कप खाली ठेवला. "आजपर्यंत कुणी विचारलं नाय एवढं."

"मी विचारलं. दुसरा फॉर्म द्या."

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बघ हां. तुझ्या नावाने कंपनीने नाय म्हटलं, तर मी समजेन की बाईने या दिवसांत गाडीला हात लावणं चूकच. मग किल्ली नाय."

मी उसळले. हे कसलं गणित, कंपनी काय देव आहे का, वगैरे. वहिनीने मला हाताने थांबवलं. "चालेल आई. पण हो म्हटलं तर किल्ली माझ्याकडे. आणि कधी थांबायचं ते मी ठरवणार."

"ठरव."

या वेळी फॉर्म तिने स्वतः भरला. मी फक्त शेजारी बसले. अपघात कसा झाला या रकान्यात तिने तीन ओळी लिहिल्या, पाचवीच्या पोरालाही कळतील अशा. मी असते तर दोन पानं झाली असती आणि पर्यटन धोरणापर्यंत गेले असते.

गॅरेजमध्ये विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. घामेजलेला, घाईतला माणूस. गाडीभोवती फिरून फोटो काढले. मग विचारलं, "चालवत कोण होतं?"

"मी," वहिनी म्हणाली. नवव्या महिन्याचं पोट, त्यावर टेकवलेली फाईल. काका दुसरीकडे बघू लागले. मी भांडायच्या तयारीत होते, तोंडात वाक्यं तयार होती.

सर्व्हेअरने तिच्याकडे बघितलं. "लायसन?"

तिने दिलं. त्याने नंबर उतरून घेतला, गडग्याचा फोटो मागितला आणि म्हणाला, "ताई, सावलीत बसा, मला अजून वेळ आहे." बस. एवढंच. माझी वाक्यं वाया गेली.

दावा मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा आईने किल्ली कनवटीची सोडली आणि वहिनीच्या पुढ्यात ठेवली. तोवर वहिनी रिक्षाने शाळेत जात होती. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर ती पहिल्या दिवशी शाळेत निघाली, तर आई पदर खोचून पुढच्या सीटवर जाऊन बसली. "मला काय, फिरणं होईल," असं काकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

त्यानंतर वहिनीने चारच दिवस गाडी चालवली. पाचव्या दिवशी सकाळी गाडीत बसली, सीट आणखी मागे सरकवायला गेली, तर पाय ब्रेकवर नीट पोचेना. पुढे सरकवली तर स्टिअरिंग पोटाला लागलं. ती उतरली, दार लावलं आणि शाळेत फोन करून रजेचं सांगितलं.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं. आजपासून नाही."

कुणी थांबवलं नव्हतं. मी मात्र रागावले. इतकं भांडून शेवटी चारच दिवस?

"मग काय, हट्टाने चालवू?" वहिनी पायरीवर बसत म्हणाली. "तुझ्या पत्रकासाठी?"