अध्यक्ष सोडून सगळे म्यूट

लॉकडाऊन संपून वर्ष झालं, तरी पेडण्याकडच्या आमच्या गावातल्या वाचनालयाच्या बैठका ऑनलाइनच चालत. अध्यक्षांना त्या आवडू लागल्या होत्या. ते निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर "चूप बसा!" ओरडून घसा बसला, आणि आता तेच काम एका बटणावर होत होतं. बटण मात्र माझ्या हाती. मी डिचोलीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून होस्ट मीच.

"सगळ्यांना म्यूट कर. कोणाला स्वतःहून माइक उघडता येता कामा नये," त्यांनी फर्मावलं. मी ती परवानगी काढून घेतली, चॅटही बंद केलं. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. गावातली भली भली मंडळी माशासारखी नुसती ओठ हलवत होती, आणि पाणी मी धरून ठेवलं होतं.

त्याच सुमारास अध्यक्षांनी वाचनालयातली बायकांची खोली आपल्या कार्यालयासाठी घेतली. तिथे रोज दुपारी वाचत बसणाऱ्यांत आमच्या शेजारची काकी होती, निवृत्त नर्स. पुढच्या बैठकीत तिच्या चौकोनावर हात वर केल्याची पिवळी खूण आली.

"विषयपत्रिकेत नाही. हात खाली घे तिचा," अध्यक्ष म्हणाले.

मी घेतला. तिने पुन्हा वर केला. मी पुन्हा खाली घेतला. असं चार वेळा झालं, आणि मग तिचा चौकोनच नाहीसा झाला.

"सुटलो," म्हणत अध्यक्ष नव्या कार्यालयातल्या फिरत्या खुर्चीचं वर्णन करू लागले. ते आपल्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, फोन टेकवून बसले होते. दहा मिनिटांनी त्यांच्या खांद्यामागे छत्री दिसली, मग काकी.

"आता येता मरे सगळ्यांक ऐकू?" ती फोनकडे वाकून म्हणाली. "आमची खोली कोणाक विचारून घेतली?"

"अरे, म्यूट कर हिला!" अध्यक्ष ओरडले.

"सर, त्या यादीत नाहीत. माइक तुमचा आहे. तुम्हाला म्यूट करू?"

त्यांनी नुसता हात हलवून नको म्हटलं. काकी मात्र बोलत राहिली. पडदाभर पिवळे हात उगवले. त्यातला एक माझ्या आईचा होता, आणि ती पलीकडच्याच खोलीत बसली होती. तेव्हा मी सगळ्यांना बोलण्याची परवानगी दिली. हे धैर्य नव्हतं. रात्रीचं जेवण तिच्याच हातचं होतं.

खोली आठवड्यात परत मिळाली. होस्टपद अध्यक्षांच्या पुतण्याकडे गेलं.

काकी नंतर तिठ्यावर भेटली. मी आपला कौतुकाच्या अपेक्षेने हसलो.

"तू वाईट नाहीस रे," ती म्हणाली, "पण चार वेळा हात खाली केलास. एकदाही तुझं बोट अडलं नाही?"

मी नेटवर्कचं काहीतरी कारण सांगितलं.