आबेलोनेच्या घरची कॉफी

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इतिल्लेराक नावाची त्रेसष्ट माणसांची वस्ती आहे, आणि आबेलोनेच्या घरी कॉफी संपली असं त्या वस्तीत कधी कुणी ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षं तिनं मासे साफ केले, चार मुलं वाढवली, नवरा थिमोथेउस याला मातीआड केलं आणि दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, अगदी स्टोव्हला लागून बसून स्तोत्रं गायली. आवाज जाडाभरडा होता, पण देवाला दोनदा विचारावं लागणार नाही एवढा मोठा.

थिमोथेउसची थोरली बहीण बोलेथे दुसऱ्या बाकावर बसायची. तिच्या गुडघ्यांना ऊब हवी असे, आणि गेली तीस वर्षं ती ऊब आबेलोनेच्या रुंद पाठीला अडून बसली होती.

आबेलोनेची सत्तरी आठवड्यावर आली तेव्हा दोघी दुकानात भेटल्या.

"सत्तरी म्हणजे सगळी वस्ती लोटणार, वहिनी," बोलेथे म्हणाली. "पुरेल ना कॉफी? नाही, आपलं सहज विचारलं."

"वन्सं, माझ्या घरी कॉफी संपली तर स्टोव्हजवळची जागा तुमची."

"मी साक्षीदार!" दुकानदार एस्किल्ड काउंटरमागून ओरडला. त्याला कुणीही विचारलं नव्हतं.

वाढदिवसाच्या सकाळी आबेलोनेनं प्रार्थना केली. केक फुगू दे आणि वन्संची नजर आज दुसरीकडे असू दे, एवढ्या दोनच गोष्टी मागितल्या. मग तिनं घरावर ध्वज चढवला. ध्वज वर गेला की काफेमिक सुरू. कुणीही यावं, बूट दारात काढावेत, कॉफी प्यावी, प्रत्येक केकचा तुकडा चाखावा आणि पुढचा पाहुणा दारात दिसला की मुकाट्यानं उठावं. एवढी एक रीत पाळली की सात खुर्च्यांच्या घरात संध्याकाळपर्यंत साठ माणसं जेवूनखाऊन जातात.

दहा वाजता चर्चचा गायकवृंद आला, अकराच्या अकरा जण. त्यांची तोंडं केकनं भरली असतानाच भूशिराला वळसा घालून प्रवासी बोट आली. बोट यायची होती गुरुवारी. पण पलीकडची खाडी बर्फानं भरली, म्हणून मंगळवारीच इकडे वळली. बोटीवरच्या पर्यटकांनी चर्चमध्ये गाणी ऐकायची असा बेत होता. पण चर्चची किल्ली आबेलोनेच्या एप्रनच्या खिशात, आणि गाणारे सगळे तिच्या टेबलाभोवती. मग बोटीवरची मार्गदर्शक सिग्ने, जी तीन उन्हाळे येऊन इथलं बोलायला शिकली होती, लाल जाकिटांची रांग घेऊन थेट दारात उभी राहिली.

"आबेलोनेआजी, ध्वज दिसला. आम्ही आत आलो तर चालेल?"

"किती जण?"

"नव्वद."

आबेलोनेचं नाक आपोआप आकसायला लागलं. तोंडानं नाही म्हणायची इथे गरज पडत नाही, नाक मुरडलं की झालं. पण डोक्यावर ध्वज फडफडत होता. तिचा बाप म्हणायचा, ध्वज वर आणि दार बंद म्हणजे खोटी साक्ष. तिनं नाक जागेवर आणलं आणि भुवया उचलल्या. म्हणजे हो.

नव्वद माणसं आली. मावली तेवढी शहाण्यासारखी बूट काढून आत शिरली, बाकीची बाहेर रांगेत थांबली. बोटीनं सगळ्यांना एकसारखे काळे रबरी बूट वाटले होते. दारात त्यांचा ढीग झाला. कुठला कुणाचा, ते एका देवालाच ठाऊक.

बसणारे बसले, ते उठेनात. दारात लोक ताटकळलेले दिसले की त्यांना हात हलवून हसायचे, आणि परत केक. एका पिवळ्या दाढीच्या धिप्पाड गृहस्थानं पाचव्यांदा कप पुढे केला. आबेलोनेनं नाक मुरडून 'आता पुरे' म्हणून सांगितलं. त्याला वाटलं आजी लाडात आली. त्यानंही नाक मुरडून दाखवलं आणि कप आणखी पुढे केला. एका बाईनं व्हेलच्या कातडीचा, मट्टाकचा, तुकडा तोंडात घातला होता. ती अर्धा तास तोच चावत होती आणि तो संपेपर्यंत हलणार नव्हती. ज्या दोघातिघांना खरंच उठायचं होतं, ते दारातला ढीग उपसून थकायचे आणि 'बसतो जरा' अशा चेहऱ्यानं परत यायचे.

"पाच भाकरी आणि दोन माशांत प्रभूनं पाच हजार जेवू घातले," गायकवृंदातली एक म्हणाली.

"ते गवतावर बसले होते," आबेलोने किटली भरत म्हणाली. "बूट घालून."

अकरा वाजता तिनं शेवटचा डबा उपडा केला. अर्धी किटली झाली.

"एस्किल्ड, ऊठ. दुकान उघड आणि कॉफी दे."

कोपऱ्यात केक खात बसलेल्या एस्किल्डनं तोंडातला घास गिळला. "कॉफी नाही. मालाचं जहाज सोमवारी. होती ती सहा पाकिटं बोलेथेनं शनिवारी नेली." मग साक्षीदाराला शोभेल असं गंभीर तोंड करून म्हणाला, "सगळी."

आबेलोने बाहेर पडली. ढिगात स्वतःचे बूट सापडेनात, म्हणून हाताला लागले ते घातले. दोन्ही डावे निघाले. तशीच ती दगडांवरून बदकासारखी चालत बोलेथेच्या घरी गेली. बोलेथे खिडकीशी दुर्बीण घेऊन बसली होती. सील बघायला, असं ती सांगायची.

"ये. दोन्ही डावेच घातलेस."

"माहीत आहे, वन्सं. कॉफी..."

"संपत आली की संपली?"

किटलीत अर्धी होती. संपत आली म्हटलं तरी खोटं झालं नसतं. पण सकाळची प्रार्थना अजून जिभेवर होती.

"अर्धी किटली आहे आणि बाहेर चाळीस माणसं उभी आहेत. म्हणजे संपलीच. जागा तुमची."

बोलेथेनं हसायला तोंड उघडलं. तीस वर्षं ती याच क्षणाची वाट बघत होती. मग तोंड मिटलं.

"कुणाकुणाला कळलंय?"

"एस्किल्डला."

"म्हणजे सगळ्यांना." ती गुडघे धरून उठली. "ते घर कुणाचं गं?"

"माझं."

"माझ्या भावाचं! त्याच्या आधी माझ्या बापाचं. माझ्या माहेरी कॉफी संपली, हे तू बोटीत घालून देशोदेशी पाठवणार?" तिनं पलंगाखालून सहा पाकिटं ओढली.

"वन्सं! मुद्दाम साठवलीत?"

"मग काय! तू आज ना उद्या येणार हे ठाऊकच होतं. पण नव्वद परक्यांना घेऊन येशील असं वाटलं नव्हतं. चल!"

बोलेथे आत शिरली ती सरळ पिवळ्या दाढीपाशी. त्याचा कप काढून घेतला, कोपराला धरून उभं केलं, दाराकडे वळवलं. तो गेलेला पाहून बाकीच्यांना रीत समजली. मट्टाकवाली तोंडातला तुकडा घेऊनच उठली. दारात बोलेथेनं स्टूल टाकलं आणि प्रत्येकाच्या पायाकडे बघून ढिगातून जोडी काढून दिली.

"हा माझा नाही," सिग्नेनं एकाचं म्हणणं सांगितलं.

"बसतोय ना पायात? मग त्याचाच. पुढचा!"

दोन वाजेपर्यंत नव्वद जण पिऊन गेले. मागून वस्ती आली, तीही प्यायली. बोटीवर पुढचे तीन दिवस बुटांची अदलाबदल चालू होती, असं नंतर सिग्नेनं कळवलं.

रविवारी आबेलोने चर्चमध्ये आली आणि बोलल्याप्रमाणे दुसऱ्या बाकावर बसली. बोलेथे आली, तीही दुसऱ्याच बाकावर, तिच्या शेजारी.

"पुढे बसा, वन्सं. मी हरले."

"कुणी सांगितलं? माझ्या माहेरची कॉफी कधी संपत नाही. तू बस पुढे."

"मी दिलेला शब्द मोडत नाही."

"आणि मी माहेराची बदनामी करत नाही."

पहिलं स्तोत्र सुरू होऊन संपलं, तरी दोघींचं 'तुम्ही बसा, तू बस' चालूच. तेवढ्यात उशिरा आलेला एस्किल्ड हात चोळत पुढे गेला, स्टोव्हजवळ रिकामी जागा दिसली तिथे बसला, पाय लांब केले आणि प्रवचनाच्या दुसऱ्या वाक्याला घोरायला लागला.

दोघींनी एकदमच पुढे पाहिलं. मग बोलेथे आबेलोनेच्या कानाशी लागली.

"बघितलंस वहिनी, याला काही लाज?"

"कसली लाज, वन्सं! म्हणे साक्षीदार," आबेलोने म्हणाली. दोघींनी मिळून त्याच्या मानेकडे पाहत नाक मुरडलं.